बेगमी: घरची आणि गावची

(चिपळूण येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या मालेत आजवर संतसाहित्य झालं, नाटक झालं, अर्थसंकल्पही झाला. मी विषय कळवला तेव्हा फोनवरचे गृहस्थ जरा घुटमळले आणि म्हणाले, "म्हणजे वाणसामान?" होय, वाणसामानच. घरात किती धान्य भरावं, कधी भरावं, आणि टंचाईची नुसती कुणकुण लागली की माणसं दुकानावर का तुटून पडतात, याबद्दल मला बोलायचं आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते त्यांच्याबद्दल इथे आल्यापासून जे ऐकतो आहे, त्यावरून त्यांना हा विषय हलका वाटला नसता असं दिसतं. शिवाय या विषयावरचा मला ठाऊक असलेला सर्वांत शहाणा मराठी मजकूर चिपळूणच्याच छावणीला उद्देशून लिहिलेला आहे. तो इथे येऊन वाचायचा नाही तर कुठे?

शिवाजी महाराजांचं ते पत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचलेलं असेल. राज्याभिषेकाच्या आसपासचा काळ. शाळेच्या भाषणांत त्यातला रयतेला त्रास देऊ नका एवढाच भाग येतो. पण पत्र मुळात साठ्याचं आहे. पावसाळ्याआधी लष्कराचा मुक्काम चिपळुणात पडला होता. दाभोळ सुभ्यात पागेसाठी म्हणून जमवलेला दाणा आणि वैरण त्या मुक्कामात बरीचशी खर्ची पडली. मग गडांवरून, आणखी जिथून मिळेल तिथून सामान आणून छावणीची सोय केली गेली. आता पत्राचं सांगणं असं: हे एवढंच आहे आणि अख्खा पावसाळा पुढे आहे. रोजचा शिधा ठरवून द्या. आज कोठीत आहे म्हणून मनाला येईल तसं उडवलंत तर भर पावसात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग शिपाई बाहेर पडतील. कोणी कुणब्याचं धान्य आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटी. जी रयत कशीबशी घर धरून राहिली आहे ती उठून जाईल आणि म्हणेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. ज्याला जे हवं ते त्याने बाजारात जाऊन पैसे देऊन आणावं, हीही ताकीद आहे. आणि शेवटी आगीची भीती: कोणी गवताजवळ चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच ठेवील, उंदीर पेटती वात पळवून नेईल आणि गंजी जळून जाईल.

राज्य उभारणारा माणूस उंदराने पळवलेल्या वातीपर्यंत विचार करतो, याचं मला दर वाचनात नवल वाटतं. पण त्याहून मोलाचं आहे ते मधलं. साठा संपला तर माझं काय, एवढ्यावर ते पत्र थांबत नाही. माझा साठा संपला की मी कोणाच्या दारात जाईन आणि त्याचं काय होईल, इथपर्यंत ते जातं. आज मला जे म्हणायचं आहे ते यातूनच निघालेलं आहे. हातात वेळ आणि बाजारात माल असताना केलेली बेगमी शेजाऱ्याचा भार हलका करते. तेच सामान, त्याच पिशव्या, अफवेच्या संध्याकाळी भरल्या तर भार शेजाऱ्याच्या डोक्यावर जातो. फरक वेळेचा आहे. हे म्हणणं फार साधं आहे हे मला कबूल आहे, पण त्यात किती काय दडलेलं आहे ते पाहू.

कोकणाला बेगमी शिकवावी लागली नाही. आगबोटी पावसाळ्यात बंद, खाडीतून मचवा जाईना, घाटाचा रस्ता कधी ढासळेल नेम नाही. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांना मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आपलं आपण, हे गृहीतच होतं. म्हणून वैशाखात अंगणं भरायची. आमसुलं, आंबोशी, मिठातल्या कैऱ्या, चिंचेचे गोळे, फणसाचे पापड, पोह्याचे पापड, मिरगुंडं, सांडगे, कुळीथ, सुकट, सोडे, बोंबील, खारे बांगडे, वर्षाचा मसाला. परसात लाकूडफाटा रचून त्यावर झावळ्या. गोव्यात यालाच पुरुमेंत म्हणतात आणि मडगावला पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्त भरतं. सुकी मासळी, मिरची आणि सोलांची खरेदी तिथे आजही होते.

या यादीने तोंडाला पाणी सुटतं हे खरं, आणि वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या तिथेच थांबतात. मला त्यामागची विद्या जास्त भुलवते. एकच उदाहरण जवळून पाहू. तांदूळ नव्हे, भात. जुनं कोकणी घर वर्षाचं धान्य टरफलासकट ठेवायचं आणि लागेल तसं कांडायचं. टरफल ही दाण्याची निसर्गानेच दिलेली पिशवी आहे. ती काढली की सोंडे-पोरकिड्यांना दार उघडं. त्यातही हातसडीचा तांदूळ असेल तर कोंड्यातलं तेल खवट होतं आणि तो लवकर बिघडतो. कोणत्या प्रयोगशाळेने सांगायच्या आधी हे स्वयंपाकघराला ठाऊक होतं.

मग कणगी. बांबूची विणलेली, आतबाहेर शेणमातीने लिंपलेली, खाली दगड किंवा फळ्या देऊन जमिनीपासून उचललेली. कारण धान्याचा खरा शत्रू उंदराआधी ओल आहे. दाणा दाताखाली धरून बघायचा: कट्‌कन फुटला तर कणगीत, नुसता चेपला तर पुन्हा उन्हात. आज गोदामात यंत्र लावून धान्याचा ओलावा बारा-तेरा टक्क्यांच्या आत आहे का ते पाहतात. आजीचा दात तेच मोजत होता. भात भरून झालं की वर पेंढा आणि त्यावर पुन्हा लिंपण. एकदा लिंपलं की मधेच कोणी उघडायची नाही, कारण उघडझाप म्हणजे दमट हवा आत. रोजच्या वापराचं वेगळ्या पिंपात. आणि आधी जुनं संपवायचं, मग नवं. जपानात भूकंपासाठी घरोघरी साठा ठेवायला सांगतात, त्यातही हेच शिकवतात: साठ्यातलं खात राहा आणि तेवढंच नवं मागे भरत राहा. आपल्याकडे हे सासू सुनेला सांगायची, तेही रागावून.

घाटावर ज्वारीचं शास्त्र आणखी वेगळं. तिथे बळदं, म्हणजे घरातली धान्याची कोठारं, आणि पेवं. पेव म्हणजे जमिनीतला खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू धान्य आणि किडे मिळून संपवतात, आणि मग किडेही संपतात. औषध नाही, धूर नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी दिवा सोडून पाहायचा. तो विझला तर थांबायचं. ही घाई जिवावर बेतलेली माणसं आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती, कृष्णा-वारणेच्या संगमावर. २००५ च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी केली. साठ्याची जागा किती बिनचूक असली तरी पाणी कोणत्या रेषेपर्यंत चढतं हे बदललं की सगळं बदलतं. हा मुद्दा चिपळूणकरांना मी सांगायला नको, पण त्यावर परत यायचं आहे.

आता अडचणीची बाजू. ही जुनी बेगमी म्हणजे निव्वळ धान्य नव्हतं. भात होतं तर घरात उखळ-मुसळ होतं. नाचणी होती तर जातं होतं. चूल होती, फाटी होती, विहीर होती. पुरवठा तुटला तरी ताटापर्यंतची साखळी अंगणाच्या आत पुरी होत होती. आज आपण सोसायटीत राहतो. मे महिन्यात लोकवनचे दोन कट्टे घेतो, कोठीत भरतो, एरंडेल चोळतो, कडुलिंबाचा पाला घालतो आणि निर्धास्त होतो. वीज गेली की गिरणी बंद. गहू आहे, पीठ नाही. तांदूळ आहे, पण गॅसचा एकच सिलिंडर आणि तोही अर्धा. टाकीत पाणी चढवायला पंप. कट्ट्यांच्या शेजारी बसून उपाशी राहायची वेळ येईल अशी ही रचना आहे.

सिलिंडरचं तर विशेषच. आपल्या देशात स्वयंपाकाला लागणाऱ्या गॅसपैकी साठेक टक्के बाहेरून येतो आणि त्यातला बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. इराणच्या आखातात खुट्ट झालं की त्याचा संबंध दापोलीच्या ओट्याशी असतो. तेलाचंही तेच: देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून मोठा भाग आयातीचा. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती जेमतेम साडेतीन आठवड्यांनी सुरू झाली. त्याआधीच युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल अडवलं होतं. तुरीची डाळ म्यानमार आणि मोझांबिकमधून येते हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझ्या मावशीने माझ्याकडे संशयानेच पाहिलं होतं. वरण हे तिच्या दृष्टीने लातूरचं. तात्पर्य, आपलं ताट पूर्वीपेक्षा भरलेलं आहे आणि लांबून भरलेलं आहे.

म्हणूनच श्रीमंत देश आता आपल्या लोकांना घरात साठा ठेवायला सांगू लागले आहेत. स्वित्झर्लंडचं सरकार कित्येक वर्षं सांगतच होतं: माणशी नऊ लिटर पाणी आणि आठवडाभराचं अन्न. जर्मनीने २०१६ मध्ये दहा दिवसांची गोष्ट काढली तेव्हा लोक हसले. २०२० मध्ये हसू थांबलं. स्वीडनने २०२४ च्या नोव्हेंबरात संकट किंवा युद्ध आलं तर काय करायचं याची पुस्तिका घरोघर पाठवली. २०२५ च्या मार्चमध्ये युरोपीय संघाने सगळ्या नागरिकांना निदान तीन दिवसांची तयारी ठेवायला सांगितलं. या देशांना आपल्या आजीची यादी पाठवावी असं मनात येतं. पण त्यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. ते हे शांततेच्या दिवसांत सांगतात, आणि सरकार सांगतं. शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांचा फोनवरचा संदेश सांगत नाही.

आपल्याकडे काय होतं ते पाहा. २०१६ चा नोव्हेंबर. नोटाबंदी होऊन दोन-तीन दिवस झालेले. उत्तरेत कुठेतरी अफवा उठली की मीठ संपलं. दोनशे, तीनशे रुपये किलो झालं म्हणे. रात्रीत ती दिल्लीहून मुंबईपर्यंत आली. आता विचार करा. हा देश जगातल्या मोठ्या मीठ-उत्पादकांपैकी; एकट्या गुजरातेत देशाचं तीन चतुर्थांशाहून अधिक मीठ पिकतं; मुंबईच्या कुशीत भांडुप-मुलुंडला, पलीकडे उरण-पेणला मिठागरं. आणि माणसं पाच-पाच किलोच्या पिशव्या उचलत होती. चार माणसांच्या घराला महिन्याला किलोभराच्या आसपास मीठ लागतं. वर्षभराचं मीठ एका डब्यात मावतं. ज्यांच्या घरात तो डबा होता, ते त्या रात्री झोपले.

इथे मी अर्थशास्त्रज्ञांची एक गोष्ट उसनी घेतो. दुकानात चारशे घरांचं आठवड्याचं मीठ आहे. अफवा खोटी आहे हे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण बाकीचे खरेदी करणार हेही ठाऊक आहे. मग अफवा खोटी मानणाराही रांगेत उभा राहतो, आणि संध्याकाळी फळी खरोखरच रिकामी होते. रांगेतल्या कोणालाही मूर्ख म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. मूर्खपणा असता तर उपदेशाने गेला असता. त्या रांगेतून माणूस कमी करायचा तर एकच उपाय: त्याच्या घरात पंधरा दिवसांचं आधीच असलं पाहिजे. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तणाव होता तेव्हा केंद्र सरकारला जाहीर सांगावं लागलं की धान्य मुबलक आहे, साठे करू नका, खोटे संदेश पसरवू नका. सांगणं बरोबर होतं. पण आग लागू नये असं सांगायची वेळ आग लागल्यावरची नव्हे.

२४ मार्च २०२० ची रात्र तुम्हाला आठवत असेल. रात्री आठला भाषण, बारापासून टाळेबंदी, एकवीस दिवस. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराने शटर अर्धं ओढून त्याखालून माल दिला. आधी गेल्या शेवया आणि नूडल्स, मग तेलाचे पाच लिटरचे डबे, गव्हाच्या पिठाच्या पिशव्या, साखर. नाचणी, कुळीथ, ज्वारी आणि सबंध मूग रात्री अकरालाही तसेच होते. दुकानदार म्हणाला, "साहेब, लोकांना शिजवायला येतं तेच नेतात." ते वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. साठा करायचा तर त्या धान्याचं काय करायचं हे हाताला माहीत असावं लागतं. सबंध मूग हे संकटातलं पहिल्या प्रतीचं अन्न आहे: टिकतो, डाळीची गरज भागवतो, आणि भिजवून मोड आणले तर ताज्या भाजीची उणीव काही अंशी भरून काढतो. चुलीवर लवकर शिजतो, म्हणजे इंधनही वाचतं. तो फळीवर पडून राहिला.

त्याच रात्री रांगेत नसलेली माणसंही होती. रोजच्या मजुरीवर रोजचा अर्धा किलो तांदूळ आणि दहा रुपयांचं तेल आणणारी. त्यांच्याकडे एकरकमी खरेदीला पैसा नाही, आणि दहा बाय दहाच्या खोलीत कट्टा ठेवायला जागा नाही. बेगमीचा गौरव करताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो. वैशाखात अंगण भरण्यासाठी आधी अंगण लागतं. माझ्या या सगळ्या बोलण्यावरचा खरा आक्षेप हाच आहे, आणि तो मला मान्य आहे.

१९४३ चा बंगाल हे त्याचं सर्वांत भीषण उदाहरण. तीस लाखांच्या आसपास माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी पुढे, १९८१ च्या आपल्या पुस्तकात, आकडे मांडून दाखवलं की त्या वर्षी बंगालात तांदळाची उपलब्धता १९४१ पेक्षा कमी नव्हती. उलट काहीशी जास्तच होती, आणि १९४१ मध्ये दुष्काळ पडला नव्हता. मग झालं काय? युद्धखर्चाने महागाई भडकली. ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. जपानी येतील या भीतीने सरकारने किनारपट्टीतल्या होड्या काढून घेतल्या, तांदूळ हलवला. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांसाठी स्वस्त धान्याची सोय झाली, म्हणजे गावाकडचं धान्य तिकडे ओढलं गेलं. भाव चढणार म्हणून व्यापाऱ्यांनी दाबून धरलं, ज्यांना जमलं त्या घरांनीही भरून ठेवलं. आणि शेतमजूर, कोळी, नावाडी यांची मजुरी होती तिथेच राहिली. धान्य होतं, त्यांच्या पदरात ते घेण्याची ताकद नव्हती. मेले ते हे लोक. त्याच वर्षी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. मुंबईत महागाई होती, हाल होते, रेशनच्या धान्याला लोकांनी शिव्याही घातल्या, पण बंगालसारखं काही झालं नाही.

म्हणजे घरच्या कणगीला गावची कणगी जोडावी लागते. मराठी मनाला हे दामाजीपंतांनी फार पूर्वी शिकवलं आहे. मंगळवेढ्याचं सरकारी कोठार उपाशी लोकांना उघडून देणारा अधिकारी, आणि त्याची रक्कम बिदरच्या दरबारात भरायला विठू महार होऊन गेलेला विठोबा. इतिहास किती आणि कथा किती हे बाजूला ठेवा. दुष्काळात कोठार कोणाचं, हा प्रश्न विचारून लोकांनी त्याचं उत्तर देवाच्या तोंडी घातलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आजचं कोठार म्हणजे भारतीय अन्न महामंडळ, १९६५ मध्ये सुरू झालेलं. त्या आणि पुढच्या वर्षीच्या अवर्षणात अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसावं लागलं, शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडायला सांगितलं, आणि साठ्याचं महत्त्व देशाला पटलं. आजच्या नियमाप्रमाणे दर वर्षी १ जुलैला केंद्राच्या साठ्यात निदान ४११.२ लाख टन गहू-तांदूळ असावा लागतो. बहुतेक वर्षी त्याहून जास्त असतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला. टाळेबंदीत त्यावर आणखी पाच किलो मोफत मिळालं. रांगा, अंगठा न उमटणारी यंत्रं, काळा बाजार, सगळं खरं. पण ज्यांच्या खोलीत कट्टा मावत नाही त्यांची बेगमी सरकारने केली, आणि २०२० मध्ये हा देश १९४३ झाला नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातही तेच झालं: सुकडी, मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामं. मिलोच्या भाकरीची आठवण काढून माझ्या वडिलांच्या पिढीने आयुष्यभर नाक मुरडलं, पण नाक मुरडायला ती पिढी राहिली.

कायद्याबद्दल दोन शब्द, कारण प्रश्नोत्तरांत हमखास विचारतात. जीवनावश्यक वस्तूंचा १९५५ चा कायदा सरकारला साठ्यावर मर्यादा घालू देतो. २०२३ च्या जूनमध्ये गव्हावर तशी मर्यादा घातली होती. ती व्यापारी, प्रक्रिया करणारे, मोठे दुकानदार यांच्यावर होती. आपण वर्षाचा गहू भरला तर आपल्याला कोणी साठेबाज म्हणत नाही, आणि म्हणूही नये. चैत्रात शेतकऱ्याकडून थेट चार पोती घेणारं घर हे आवक तुंबून भाव पडलेल्या दिवसांत त्याच्या पदरात चार पैसे टाकत असतं, आणि श्रावणात बाजारातली गर्दी कमी करत असतं. जानेवारी-फेब्रुवारीत तूर, मार्च-एप्रिलमध्ये गहू आणि ज्वारी, एप्रिल-मेमध्ये उन्हाळी कांदा. दिवाळीच्या मागेपुढे भात. सुगीचा क्रम पाळला तर घरातला साठा आणि शेतातला माल एकमेकांच्या उपयोगी पडतात.

आता चिपळूण. २२ जुलै २०२१. मी त्या दिवशी इथे नव्हतो, त्यामुळे तुम्हाला तुमचाच पूर सांगण्याचा आगाऊपणा करणार नाही. एवढंच म्हणतो: वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा गावची सगळी बेगमी एका रात्रीत गेली. किराण्याची दुकानं तळमजल्यावर, त्यांची गोदामं मागे किंवा खाली. वीज नाही, फोन नाही, रस्ता नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांचं भरलेलं कोठार म्हणजे दुसऱ्या दिवशीचा कुजलेला ढीग. दोन वर्षं आधी, २०१९ च्या ऑगस्टात, कोल्हापूर-सांगलीत हेच झालं होतं. महामार्ग काही दिवस बंद पडला आणि पाण्याने वेढलेल्या शहरात पिण्याच्या पाण्याचीच मारामार झाली. अशा वेळी वर्षाचे चार कट्टे काही कामाचे नाहीत. कामाचं आहे ते माळ्यावर ठेवलेलं थोडंसं.

ते थोडंसं म्हणजे किती, हे सांगतो आणि मग थांबायच्या दिशेने जातो. चार माणसांचं घर धरा. माणशी रोज तीनशे ग्रॅम धान्य म्हटलं तर पंधरा दिवसांना अठरा किलो. डाळ-कडधान्य माणशी साठ ग्रॅम, म्हणजे साडेतीन-चार किलो. दीड-दोन लिटर तेल, किलोभर मीठ, गूळ. हे सगळं दोन पत्र्याच्या डब्यांत बसतं. दहा बाय दहाच्या खोलीतल्या पलंगाखालीही बसतं, आणि आठवड्याला शे-दोनशे रुपये बाजूला टाकून काही महिन्यांत जमतं. सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही. धान्यात निम्मा भाग तांदूळ-पोह्यांचा ठेवा, कारण त्याला गिरणी लागत नाही. बाजरीचं पीठ साठवू नका, दळल्यावर थोड्याच दिवसांत कडू होतं. शेंगदाणे ओलसर राहिले तर त्यांना धरणारी बुरशी विषारी असते, त्यामुळे बुरशीचा वास आला तर निवडत बसू नका, टाकून द्या. लाह्या, फुटाणे, भाजलेलं मेतकूट आणि नाचणीचं सत्त्व हे न शिजवता किंवा उकळत्या पाण्यावर भागणारं अन्न. पुराच्या पहिल्या दोन दिवसांना हेच खरं. आणि पाणी. माणशी रोज तीन-चार लिटर पिण्या-शिजवण्यापुरतं, तीन दिवसांना चार माणसांचं चाळीस-पंचेचाळीस लिटर, झाकण लागणाऱ्या कॅनमध्ये. कोकणात पाणी साठवा म्हटलं की लोक हसतात. पुरातल्या घराला पिण्याचं पाणी नसतं, हे चिपळूणकरांनी हसण्यावारी नेऊ नये.

धान्यात ठेवायच्या गोळ्यांबद्दल एक ताकीद. गोदामात धुरी देण्यासाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात आणू नका. त्यातून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसं मेली आहेत. कडुलिंब, ऊन आणि घट्ट झाकण यांनी पंधरा दिवसांच्या साठ्याचं भागतं. तो साठा फिरता असल्यावर किडे लागायला वेळच मिळत नाही.

घरचं एवढं पुरे. गावच्या कणगीबद्दल मात्र मला तुमच्यापुढे एक मागणी ठेवायची आहे, आणि त्यासाठीच मी हे व्याख्यान मुंबई-पुण्यात न देता इथे द्यायला आलो. पूररेषेवरून या गावात किती वाद झाले ते मी वाचलं आहे. बांधकामाची परवानगी कोणाला मिळावी, कोणाची जागा लाल रेषेत गेली, यावर सभा झाल्या, मोर्चे निघाले. रेशनच्या धान्याचं गोदाम आणि रेशनची दुकानं त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहेत, यावर एखादी सभा झाली असेल तर ती माझ्या वाचनात आली नाही. जून ते सप्टेंबर एवढ्या चार महिन्यांपुरतं तरी दर प्रभागातलं पंधरा दिवसांचं रेशनचं धान्य उंचावरच्या शाळेत किंवा सभागृहात हलवता येतं का, पावसाळ्याच्या आधी जुलैचंही वाटप करून टाकता येतं का, उंचावर एखादी डिझेलवर चालणारी गिरणी ठेवता येते का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. एप्रिलमध्ये विचारा, म्हणजे मेमध्ये उत्तराचा तगादा लावता येईल. अर्जाचा मसुदा मी करून आणला आहे. तो बाहेर टेबलावर ठेवला आहे, जाताना सही करून जा.